मयतघरची रात्र

माणूस दिवसा गेला तर अंधार पडायच्या आत सगळं उरकतं. दिवेलागणीला किंवा त्यानंतर गेला, तर उजाडेपर्यंत मयत घरातच राहतं. सूर्य मावळल्यावर अग्नी द्यायचा नाही ही रीत, आणि लांब दिलेल्या लेकी अजून वाटेत असतात, हे दुसरं कारण. त्या दहा-बारा तासांत मयताला एकटं सोडायचं नसतं. उशाशी दिवा असतो, त्याचं तेल संपू द्यायचं नाही. मांजर ओलांडून जाऊ द्यायचं नाही. आणि कुणीतरी जागं राहायचं. हा 'कुणीतरी' कोण, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

पालघर जिल्ह्यातल्या सालवड आणि आसपासच्या गावांतल्या मयताच्या चालीरीती गोळा करायच्या म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो असा: यात लिहिण्यासारखं आहे काय? सगळं पोथीत आहे. खरंच आहे. गरुडपुराण आहे, धर्मसिंधु आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, अशौच आणि श्राद्ध यांचा असा काही धांडोळा घेतला आहे की त्यात भर घालायची कुणाची छाती होऊ नये. इंग्रजांनी १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही जातवार नोंदी आहेत, कोण पुरतो आणि कोण जाळतो, एकेका जातीला दोन-चार ओळी. पण पोथीतलं मरण मुलगा आणि भटजी यांच्यात घडतं, आणि गॅझेटियरातलं मरण जातीत. रात्री अडीच वाजता चहाचं पातेलं कोणाच्या चुलीवर चढतं, हे दोन्हीकडे नाही.

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. म्हणून ती शेजारी पेटते. सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. चहा शेजारून येतो, दुसऱ्या दिवशी स्मशानातून परतल्यावर तोंडात घालायचा पिठलं-भातही शेजारूनच. कुठे त्याला कडू घास म्हणतात, कुठे नुसतं 'घरी पाठवायचं जेवण'. पहिला घास कोणी घ्यायचा यावरून घरातली माणसं एकमेकांकडे बघत बसतात, मग एखादी थोराड बाई दटावते आणि लहान पोराच्या पुढ्यात ताट सरकवते. पोर जेवलं की बाकीचेही जेवतात. हे कुठल्याच धर्मग्रंथात नाही, पण त्याशिवाय कुठलंही मयतघर पुन्हा हलायला लागत नाही.

बाकीची कामं कुणी न सांगता वाटली जातात. पहिलं काम सांगाव्याचं. सांगावा नेणारा मरणाचा उच्चार करत नाही. 'आईचं जास्त झालंय, निघा,' एवढंच म्हणतो आणि पाणी प्यायला न थांबता मागे वळतो. तो थांबला नाही यावरूनच समोरच्याला काय ते कळतं. मग कळकाच्या बेटात बांबू तोडायला दोघे, सुंब आणि गाडगी आणायला एक, लाकडांकडे चौघे. पावसाळ्यातलं मयत हा वेगळाच प्रकार. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात जुलैचा पाऊस लागला की सरणाला सुकं लाकूड मिळत नाही. अशा वेळी शेजारी आपल्या पडवीत वर्षभरासाठी रचून ठेवलेला ढीग मोकळा करतो. त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि तरी तो दोन्ही घरांना तोंडपाठ असतो.

तिरडी बांधणं हे कसब आहे. पायऱ्या किती, गाठ कुठे, दोर कुठून घ्यायचा, हे प्रत्येक आळीत एखाद-दुसऱ्यालाच नीट जमतं. एरवी त्याला कुणी विचारत नाही. लग्नात तो मांडवाच्या कडेला बसलेला असतो. पण मयताच्या सकाळी सरपंचसुद्धा त्याच्या तोंडाकडे बघतो. पुढे विसाव्याला खांदेपालट होतो, मागचे पुढे जातात. मग सरणाभोवतीची फेरी, मडक्याला दगडाने पाडलेली भोकं आणि बोंब. हे सारं महाराष्ट्रभर थोड्याफार फरकाने सारखंच असल्याने पुढच्या पानांत ते थोडक्यात आटोपलं आहे.

इथे एक गोष्ट गिळून पुढे जाता येणार नाही. गावाचं काम गाव वाटून घेतो असं म्हणताना आपण फार गोड बोलतो. मरणाचा सांगावा परगावी नेणं आणि सरणाची लाकडं पोचवणं ही कित्येक गावांत महारांच्या माथी मारलेली बलुत्याची कामं होती. त्याच्या बदल्यात मयतावरचं कापड हा त्यांचा 'हक्क' मानला जाई. ज्यांनी सांगावा नेला त्यांना खांदा द्यायला परवानगी नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मांडलं ते याच जोखडाविरुद्ध. अनेक गावांत स्मशानं अजून जातवार आहेत. शेजारधर्म म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यात शेजार कुठे संपत होता हेही बघायला हवं.

आता थोडं लांबचं. या पुस्तकाची कल्पना सुचली ती आयर्लंडवरून. सालवडचा आणि आयर्लंडचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर एका शब्दात देता येतं: वह्या. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडने १९३५ साली लोकपरंपरा टिपण्यासाठी एक आयोग नेमला. १९३७ ते १९३९ या काळात त्या आयोगाने प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना कामाला लावलं. घरी जा, आजी-आजोबांना विचारा, वहीत लिहा. सुमारे पन्नास हजार मुलांनी लिहिलं. भुतं, औषधं, जत्रा, विहिरी आणि अर्थातच मयतं. कुठल्याही पंडिताच्या हाती न लागलेली माहिती बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या हस्ताक्षरात जमा झाली, आणि ती आज त्या देशाचा ठेवा आहे.

त्यातून आणि आयोगाच्या इतर नोंदींतून आयरिश मयतघर डोळ्यांपुढे उभं राहतं. माणूस गेला की भिंतीवरचं घड्याळ बंद करायचं, आरसा झाकायचा, जीव जायला खिडकी उघडायची. म्हाताऱ्या बायका मयताला न्हाऊ घालून पांढऱ्या चादरीवर ठेवणार. मग सारी रात्र, कधी दोन रात्री, माणसं येत राहणार. आलेल्याला मातीची चिलीम, तंबाखू, तपकिरीची बशी, चहा आणि दारू. आणि खेळ! मयताच्या खोलीत आणि बाहेर अंगणात तरुण पोरं कोडी, नकला, कुस्त्या आणि चेष्टेची खोटी लग्नं असे खेळ खेळत. शॉन ओ सूलावॉइन या संग्राहकाने या खेळांवरच आख्खं पुस्तक लिहिलं, १९६१ साली आयरिशमध्ये आणि १९६७ साली इंग्रजीत. पाद्री मंडळींनी तीनेक शतकं या प्रकारावर बंदी घातली, पुन्हा पुन्हा घातली. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते याचा अर्थ वाचकाला कळतोच.

हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला धक्का बसतो. मयताशेजारी खेळ? पण जरा आठवून बघा. मयतघरच्या ओटीवर रात्री बारानंतर काय चालतं? भजनी मंडळ आलं असेल तर टाळ-मृदंग असतो, पण दोन अभंगांच्या मध्ये बुवा तंबाखू मळता मळता गेलेल्याची एखादी जुनी फजिती सांगतात. आधी एक जण हसतो, मग तोंडावर पंचा धरून सगळेच. आतून रडण्याचा आवाज येतो, बाहेरचे गप्प होतात, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. कोपऱ्यात कुणीतरी पत्ते काढतो. जागं राहण्यासाठी माणसाला काहीतरी लागतंच. आयरिश माणसाने त्याला खेळाचं नाव दिलं, आपण त्याला नाव दिलं नाही, म्हणून आपल्याकडे ते नाहीच असं आपण समजतो.

ओटीवर पुरुष, तर माजघरात बायका. तिथलं काम वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड. हेल काढून रडणं. बाहेरून येणारी प्रत्येक बाई उंबऱ्याशी आली की आवाज उठतो, ती बसली की खाली येतो. शहरी माणसाला वाटतं हे ठरवून केलेलं आहे. ठरवून केलेलं आहेच. म्हणून ते खोटं ठरत नाही. या रडण्यात मेलेल्याशी थेट बोललं जातं: अमुक करायचं बाकी होतं, तमुक शब्द दिला होता, आता मी कुणाच्या दारी जाऊ. गुण घेतले जातात आणि हळूच दोषही काढले जातात. जी सून एरवी सासरच्या माणसांसमोर मान वर करत नाही, ती या घटकेला भर माजघरात काय वाटेल ते बोलू शकते, कारण ती बोलत नसते, रडत असते. सीमेपलीकडे गुजरातेत या प्रकाराला मरसिया, छाजिया अशी नावं आहेत आणि त्यात छाती पिटण्याचा ताल असतो. तमिळनाडूत ओप्पारी आहे.

आयर्लंडमध्ये अशा रडणाऱ्या बायकांना मान होता, मोबदलाही मिळे. त्यांच्या परंपरेतलं सगळ्यांत नावाजलेलं विलापगीत १७७३ सालचं. आर्ट ओ'लिअरी नावाचा तरुण कॉर्क परगण्यात गोळी लागून मेला. त्याची बायको आयलीन हिने त्याच्यासाठी केलेला विलाप पुढे बायकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला. त्या विलापात मध्येच मयताची बहीण टोमणा मारते की मी आले तेव्हा ही बाई बिछान्यात होती. त्यावर आयलीन तिथल्या तिथे उत्तर देते की मी झोपले नव्हते, पोरांना निजवत होते. अडीचशे वर्षांपूर्वीची, सात समुद्रांपलीकडची, आणि तरी ही नणंद-भावजय आपल्या माजघरात बसलेली दिसावी, इतकी ओळखीची! हे वाचल्यावर मी आयर्लंड परकं मानायचं सोडून दिलं.

सालवडपासून पश्चिमेला थोडं गेलं की समुद्र लागतो. नवापूर, दांडी, उच्छेळी, पुढे दक्षिणेला मुरबे, सातपाटी. तिथल्या मरणाला आणखी एक बाजू आहे. होडी परत येते, माणूस येत नाही. मग वाट किती दिवस बघायची? प्रेत मिळालं नाही तर धर्मशास्त्रात पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या तीनशे साठ पानांचा किंवा काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. विधी सोपा आहे. अवघड आहे ते तो कधी करायचा हे ठरवणं. बायको कुंकू पुसायला तयार नसते, आणि तिला तसं सांगायला जायची कुणाची हिंमत होत नाही. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ॲरन बेटांवर राहून आलेल्या जॉन मिलिंग्टन सिंगने १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या आपल्या छोट्या नाटकात हेच मांडलं. तिथे दूर किनाऱ्याला लागलेलं प्रेत कुणाचं हे बहिणीला कळतं ते पायमोज्याच्या टाक्यांवरून, कारण तो मोजा तिनेच विणलेला असतो. ते नाटक दांडीच्या किनाऱ्यावर केलं तर प्रेक्षकांना एक अक्षर समजावून सांगावं लागणार नाही.

पूर्वेला, रेल्वेच्या पलीकडे डोंगराकडे गेलं की पाडे सुरू होतात आणि हिशेब बदलतो. वारल्यांमध्ये जाळणं त्याच दिवशी होतं, पण मागाहून मेलेल्याचा 'दिवस' करायला धान्य लागतं, पैसा लागतो, माणसं जमावी लागतात. नसेल तर तो पुढे जातो. शहरी सुतकाला तारखा असतात, पाड्यावरच्या दिवसाला ऐपत असते. दिवस होतो त्या रात्री कथा सांगणारा कामडी घांगळी घेऊन बसतो. दोन भोपळ्यांचं हे तंतुवाद्य आणि त्यावर रात्रभर चालणारी कथा यांतून मेलेल्याला त्याच्या माणसांत पोचवलं जातं. घोडेस्वार, सूर्य आणि चंद्र कोरलेले वीर या भागात अनेकांनी पाहिले असतील. तेही मेलेल्यांना बसायला दिलेलं ठिकाणच. के. जे. सावे यांनी १९४५ साली वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी तलासरी-डहाणूकडे वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेल्याला आठवेल की लग्नाच्या कर्जापायी माणसं कशी गडी म्हणून राबत. मरणाचा खर्चही त्याच सावकाराच्या वहीत जाई. म्हणून दिवसाच्या जेवणावर आणि दारूवर टीका करणाऱ्याने आधी ती वही बघावी, आणि त्यांचं नुसतंच कौतुक करणाऱ्यानेही.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसईत ख्रिस्ती गावं आहेत. तिथल्या घरात संध्याकाळी रोजरीला जमणारे शेजारी आणि महिन्याने होणारी मिस्सा हे आयर्लंडच्या सर्वांत जवळचं, कारण पंथच एक. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत लागणाऱ्या मेणबत्त्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला वेगळं सांगायला नको. वसईवर स्वतंत्र पुस्तक व्हावं, या पुस्तकात तिला जागा अपुरी पडली आहे.

चालीरीती टिपायच्या म्हणजे त्या जपायच्या, असा अनेकांचा समज होतो. इथे तसं नाही. नवरा गेला की बायकोच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं, या प्रकाराची नोंद पुढे आहे, आणि ती वाचताना हात थरथरतो. शेजारणीच हे करतात, रात्रभर चहा करणाऱ्या त्याच शेजारणी. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ही प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने प्रथा मरत नाही हे आयरिश पाद्र्यांना ठाऊक होतं. पण ही मरावी.

आता सालवडबद्दल. या गावाचं नाव बाहेरच्या माणसाला माहीत असतं ते तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पाठोपाठ कारखाने आले. सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे ही भातशेतीची गावं चाळींनी आणि इमारतींनी भरली. केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. गाव उठतं तेव्हा घरांचा मोबदला ठरतो. विसाव्याचा दगड आणि दहाव्याचा घाट यांचा दर कुठल्याही पंचनाम्यात नसतो.

चाळीतल्या खोलीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडची पोरं राहतात. त्यांच्यातला एखादा गेला तर रात्र जागवायची कोणी? खोलीतले सोबती वर्गणी काढतात, कारखान्यात फोन लावतात, रुग्णवाहिकेचा दर ठरवतात. गावी न्यायचं तर हजाराहून जास्त किलोमीटर. ते परवडत नसेल तर इथेच अग्नी द्यायचा आणि अस्थी रेल्वेने न्यायच्या. मोबाइलवर गावाकडच्या आईला चेहरा दाखवला जातो. त्या वेळी शेजारच्या खोलीतली, भाषा नीट न कळणारी मराठी बाई चहाचं पातेलं घेऊन येते. हे मी नव्या सालवडचं सर्वांत जुनं दृश्य मानतो.

बाकी बरंच बदललं. घरी फ्रीजरची पेटी येते, त्यामुळे मयत दोन दिवसही राहू शकतं, पण त्याच्या अंगावर हात ठेवून रडता येत नाही, काचेवर ठेवावा लागतो. सांगावा व्हॉट्सॲपवर जातो आणि आता कुणी 'जास्त झालंय' म्हणत नाही, सरळ फोटोला हार घालून टाकतात. दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागतो. रात्रपाळी असलेला माणूस खांद्याला येतो आणि विसाव्यावरून परत फिरतो. २०२० साली तर अंत्ययात्रेला वीसच माणसं अशी सरकारची मर्यादा होती. त्या वर्षी गेलेल्यांच्या घरी अजून कुणी जाऊन बसलं की बोलणं फिरून तिथेच येतं: माणसं येऊ शकली नाहीत. मरणाच्या कारणापेक्षा ते जास्त खुपतं.

पुढच्या नोंदी वाचताना वाचकाला एकच विधी तीन तऱ्हांनी सांगितलेला आढळेल. कुणी म्हणेल दिवा दहा दिवस, कुणी तेरा. तिन्ही तशाच ठेवल्या आहेत. सांगणाऱ्या बायांचे शब्दही बदललेले नाहीत, प्रमाण मराठीत आणायचा मोह अनेकदा झाला तरी.

एक नोंद मात्र आधीच सांगून टाकतो. मयत जिथे ठेवलं होतं त्या जागी नंतर तांदळाचं पीठ पसरून वर टोपली झाकायची पद्धत आहे. टोपली उचलली की पिठावर जे पाऊल उमटलेलं दिसेल, तो त्या माणसाचा पुढचा जन्म. पूर्वी शेणाच्या जमिनीवर पाखराचं पाऊल दिसे, गाईचं खूर दिसे, कधी नुसतीच रेघ, आणि त्यावरून वाद होत. आता फरशी आहे. टोपली घरात नसते, म्हणून प्लास्टिकचं घमेलं झाकतात. ते उचलायच्या वेळी सगळी आळी वाकून बघते. आणि एखादं पोर तरी म्हणतंच, की ही मुंग्यांची रांग आहे.